अब्रूदार आणि पश्चात्तापी

विश्वासघात हा शोकात्मिकेचा जुना विषय आहे. परंतु विश्वासघाताचे कृत्य घडण्यापूर्वी ते करणारा माणूस मनातल्या मनात त्याला दुसरे एखादे नाव देत असतो, आणि शोकात्मिकेचा खरा आरंभ त्या नामकरणाच्या क्षणी होतो. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये (१५९९) ब्रूटस मित्राच्या हत्येचा निर्णय घेतो तो रात्री, स्वतःच्या बागेत, एकटा असताना. सीझरविरुद्ध आपली वैयक्तिक तक्रार नाही, हे तो स्वतःच मान्य करतो. सीझरच्या विकारांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचे एकही उदाहरण त्याला आठवत नाही. मुकुट मिळाल्यावर हा माणूस बदलेल, ही केवळ एक शक्यता आहे. आणि त्या शक्यतेला ब्रूटस सापाच्या अंड्याची उपमा देतो. साप अजून जन्मलेला नाही, तरी तो आजच ठेचणे आवश्यक ठरते. एका उपमेच्या आधारावर एका माणसाचा मृत्यू निश्चित होतो. पुढे कटवाल्यांनी खाटीक न होता बळी देणारे व्हावे असा जो आग्रह ब्रूटस धरतो, तोही याच नामकरणाचा पुढचा टप्पा होय.

या नाटकातील सत्ता प्रत्यक्षात फार थोडी दिसते. सीझर रंगमंचावर असतो तेव्हा त्याचा एक कान बहिरा आहे, त्याला फेफरे येते, तो शकुन-अपशकुन मानतो, असेच तपशील अधिक समोर येतात. त्याची सत्ता वसते ती इतरांच्या बोलण्यात आणि त्याच्या स्वतःच्या एका लकबीत: तो स्वतःचा उल्लेख ‘सीझर’ असा तृतीय पुरुषात करतो. देह आणि नाव यांतील हे अंतर कटवाल्यांच्या ध्यानात येत नाही. तिसऱ्या अंकाच्या आरंभीच देह पडतो. नाव मात्र उरलेले नाटक चालवीत राहते. सीझरची वृत्ती तेवढी नाहीशी करता आली असती आणि त्याचे शरीर फाडावे लागले नसते तर किती बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार ब्रूटस काढतो. प्रत्यक्षात त्याच्या हातून नेमके उलटे घडते.

यानंतर अँटनी येतो. ब्रूटसचे भाषण गद्यात आहे, तर्कशुद्ध आहे, आणि श्रोत्यांच्या विवेकावर विसंबून आहे. अँटनी पद्यात बोलतो आणि एकच विशेषण पुन्हा पुन्हा उच्चारतो. ब्रूटस हा अब्रूदार माणूस आहे, हे विधान तो इतक्या वेळा करतो की अखेरीस ‘अब्रूदार’ या शब्दाचा अर्थ ‘खुनी’ असा होऊन बसतो. त्याने शब्द बदललेला नाही, केवळ तो झिजवला आहे. त्यानंतर लगेच येणाऱ्या छोट्या प्रवेशात सिना नावाच्या कवीला जमाव पकडतो. कटातील सिना वेगळा, हा वेगळा, हे कळल्यावरही त्याला सोडले जात नाही. त्याचे नाव हाच त्याचा अपराध ठरतो. शब्दांचे अर्थ एकदा सुटे झाले की त्यांचा पहिला बळी कवी असावा, हा योग केवळ कथानकाच्या सोयीचा वाटत नाही.

या नाटकाचे असे वाचन ग्रंथालयात बसून करता येते. परंतु ज्यांनी ‘अब्रू’ या शब्दासाठी माणसे मारली किंवा मारविली, त्यांच्या तोंडी हे नाटक आले तर काय घडेल, या प्रश्नाचे उत्तर पाओलो आणि वित्तोरिओ ताविआनी या इटालियन दिग्दर्शक बंधूंच्या ‘चेझरे देव्हे मोरिरे’ (‘सीझर मेलाच पाहिजे’) या चित्रपटातून मिळते. २०१२ साली बर्लिनच्या महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ मिळविणारा हा अवघ्या ७६ मिनिटांचा चित्रपट रोमच्या रेबिबिया तुरुंगातील कडक बंदोबस्ताच्या विभागात चित्रित झाला. तेथे फाबिओ काव्हाल्ली हे नाट्यदिग्दर्शक कैद्यांना घेऊन नाटके बसवीत होते. त्याच तुरुंगात दान्तेच्या ‘इन्फेर्नो’चे कैद्यांनी केलेले सादरीकरण पाहिल्यावर ताविआनींना या चित्रपटाची कल्पना सुचली. चित्रपटाचा आरंभ आणि शेवट रंगीत आहे, तेथे नाटकाचा प्रयोग आहे. मधला सारा भाग कृष्णधवल आहे, तेथे तालमी आहेत. कोठड्या, बोळ, फिरण्याचे अंगण हीच तालमीची जागा. सीझरचा खून अंगणात होतो आणि अँटनीच्या भाषणाला गजांच्या खिडक्यांमागून कैद्यांचा जमाव प्रतिसाद देतो.

भूमिका करणाऱ्यांत अमली पदार्थांचे व्यापारी आहेत, माफिया संघटनांचे सदस्य आहेत, खुनाबद्दल जन्मठेप भोगणारे आहेत. जन्मठेपेच्या कैद्याच्या कागदावर शिक्षा संपण्याच्या तारखेच्या जागी ‘कधीच नाही’ असे लिहिण्याची इटलीत रीत होती. कॅशिअसची भूमिका करणारा कोझिमो रेगा हा अशांपैकी एक. ब्रूटसची भूमिका करणारा साल्वातोरे स्त्रियानो मात्र चित्रीकरणापूर्वीच मुक्त झालेला होता. या भूमिकेसाठी तो पुन्हा त्या भिंतींच्या आत आला.

येथे इटालियन भाषेतील दोन शब्दांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ‘अब्रूदार माणूस’ हा शब्दप्रयोग सिसिलीतील माफियाच्या परिभाषेत संघटनेच्या दीक्षित सदस्यासाठी रूढ आहे. अँटनीचे ते विशेषण या तुरुंगात उच्चारले जाते तेव्हा उपरोधासाठी अभिनेत्याला वेगळे काही करावे लागत नाही. तो शब्द आधीच रक्ताने माखलेला असतो. दुसरा शब्द ‘पेन्तितो’, म्हणजे पश्चात्तापी. शब्दकोशात हा धर्मभावनेतून आलेला, पापमुक्तीच्या वाटेवरचा शब्द आहे. व्यवहारात त्याचा अर्थ होतो संघटनेची गुपिते शासनाला सांगणारा माणूस; आणि तुरुंगाच्या नीतिशास्त्रात असा माणूस म्हणजे अधमाधम विश्वासघातकी. १९८४ साली तोम्माझो बुशेत्ता याने न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे जबानी देण्यास आरंभ केला आणि त्यातून १९८६ साली पालेर्मोचा महाखटला उभा राहिला. स्वतः बुशेत्ताला ‘पश्चात्तापी’ हे नाव मान्य नव्हते. आपण बदललो नाही, संघटनेनेच तिच्या जुन्या मूल्यांशी द्रोह केला, असे त्याचे म्हणणे होते. हा युक्तिवाद नाटकाच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. ब्रूटसही जुन्या रोमशी एकनिष्ठ राहण्यासाठीच मित्राशी द्रोह करतो.

मे १९९२मध्ये फाल्कोने यांची हत्या झाल्यानंतर तुरुंगविषयक कायदा कडक झाला. जो माफिया कैदी शासनाला सहकार्य करणार नाही, त्याला तुरुंगातील सवलतींचे आणि मुदतपूर्व सुटकेचे दरवाजे जवळजवळ बंद झाले. हा नियम २०२२ साली काहीसा सैल करण्यात आला, परंतु चित्रपट घडत होता तेव्हा तो पूर्णपणे अमलात होता. म्हणजे या कैद्यांच्या जगात मुक्ती आणि विश्वासघात ही एकाच दाराची नावे होती. गप्प राहणाऱ्याची अब्रू शाबूत राही, पण बेडी सुटत नसे. बोलणाऱ्याची बेडी सुटे, पण अब्रू जाई, आणि बहुधा कुटुंबाचा जीवही धोक्यात येई. शासन आणि संघटना या दोन्ही सत्तांनी पश्चात्तापाचा शब्द आपापल्या कामाला जुंपलेला होता. मनुष्याने स्वतःपुरता, कोणत्याही सौद्याविना पश्चात्ताप करावा, यासाठी शब्दच शिल्लक नव्हता.

शेक्सपिअरच्या संहितेने या माणसांना नेमकी ही उणीव भरून दिली, असा या चित्रपटाचा अन्वयार्थ लावता येईल. त्यांना संवाद आपापल्या बोलींत म्हणावयास सांगण्यात आले: नेपल्सची, सिसिलीची, पुलियाची बोली. घरात, गल्लीत, आणि कदाचित गुन्ह्याच्या वेळीही जी भाषा तोंडी होती, त्याच भाषेत आता कट शिजतो. सीझरची वृत्ती शरीर न फाडता नाहीशी करता आली असती तर, या ओळीवर ब्रूटस अडखळतो. त्याच्या पूर्वायुष्यातील काहीतरी मध्ये येते. सीझर आणि डेसिअस यांच्या प्रवेशात दोन कैद्यांमधील जुनी खदखद वर येते आणि तालीम थांबते. हे प्रसंगही पटकथेत लिहिलेले आहेत, हे विसरता येत नाही. कैदी येथे सीझरची भूमिका करतात आणि सीझरची भूमिका करणाऱ्या स्वतःचीही. परंतु भूमिकेच्या या दुहेरी आडोशामुळेच एक गोष्ट शक्य होते. कोणाचेही नाव न घेता विश्वासघाताविषयी बोलता येते. मौन आणि जबानी यांखेरीज बोलण्याची तिसरी जागा सापडते.

या तिसऱ्या जागेचे मोल दान्तेच्या तुलनेत अधिक स्पष्ट होते. दान्तेने नरकाचा सर्वांत खालचा थर विश्वासघातक्यांसाठी राखला आणि ब्रूटस व कॅशिअस यांना जूडासच्या जोडीने सैतानाच्या तीन तोंडांत दिले. तेथे मुक्ती नाही, संभाषणही नाही. ब्रूटस यातना सोसतो पण शब्द उच्चारत नाही. शेक्सपिअरने त्याला बोलू दिले. तरीही आपले चुकले असे तो अखेरपर्यंत म्हणत नाही. मात्र सीझरला मारताना जितकी इच्छा होती, तिच्या दुपटीने आता स्वतःला मारतो, एवढे तो कबूल करतो. त्यानंतर त्याचा गौरव होतो तो अँटनीच्या तोंडून. ‘अब्रूदार’ या शब्दाची ज्याने माती केली, तोच विजेता म्हणून ब्रूटसला उदात्त ठरवतो. ब्रूटसचा उद्धारही असा सत्तेच्या भाषेत, सत्तेच्या सोयीने होतो. शेक्सपिअरची शोकात्मिका मुक्तीच्या दारापर्यंत येते आणि दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे ते दाखवून थांबते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. नाव न घेता बोलण्याची ही जागा कैद्याला मोकळे करते. पण ज्यांची माणसे मारली गेली त्यांना काय मिळते? त्यांना नाव हवे असते, तारीख हवी असते, निदान प्रेत कोठे आहे हे हवे असते. ब्रूटसच्या वेदनेने ते त्यांना मिळत नाही. पोर्शिया आणि कॅल्पर्निया या दोन्ही स्त्रिया चित्रपटात नाहीत, ही गोष्टही येथे नोंदवावयास हवी. पुरुषांच्या तुरुंगात पुरुषांचेच नाटक होणार, हे खरे; परंतु विश्वासघाताची किंमत घरात बसून मोजणाऱ्यांचा आवाज त्यामुळे संहितेतून पुसला जातो. कला ही जबानीचा पर्याय होऊ शकत नाही. कलेने माणूस सुधारतो असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा आक्षेप सोबत बाळगला पाहिजे, आणि साहित्य शिकविणाऱ्याने तर विशेषच.

मराठी वाचकाला या ठिकाणी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आठवणे स्वाभाविक आहे. ग. दि. माडगूळकरांचे लेखन आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटामागे औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली सुरू झालेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची प्रेरणा होती. बर्लिनने १९५८ साली त्यालाही ‘रौप्य अस्वल’ देऊन गौरविले होते. तेथे सहा खुनी कैदी एका जेलरच्या विश्वासावर उघड्यावर राहतात. पळून जाण्याचा विचार आला की त्यांना त्याचे डोळे दिसतात. विश्वासघाताच्या जागी विश्वास ठेवला की मनुष्याचा उद्धार होतो, ही त्या चित्रपटाची श्रद्धा आहे. ती उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु ते डोळे अखेर सत्तेचे डोळे आहेत, प्रेमळ सत्तेचे असले तरी. जेलरच्या मृत्यूनंतरही कैदी त्या नजरेच्या बाहेर पडत नाहीत, आणि बाहेर न पडणे हीच तेथे मुक्ती मानलेली आहे. ताविआनींच्या चित्रपटातही पहारेकरी वरून तालीम पाहतात. तेथे मात्र पहाऱ्याचे रूपांतर काही क्षण प्रेक्षकत्वात होते, इतकेच. कोणी कोणावर विश्वास टाकत नाही आणि कोणी कोणाला क्षमा करीत नाही.

म्हणूनच या चित्रपटाचा शेवट मुक्तीच्या रूढ कल्पनेला धक्का देणारा आहे. प्रयोग संपतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, नट आनंदाने हात उंचावतात. मग एकेकाला त्याच्या कोठडीपर्यंत नेले जाते आणि दारे एकामागून एक बंद होतात. कॅशिअस झालेला रेगा आपल्या कोठडीत शिरतो, भोवती पाहतो आणि म्हणतो की, कलेची ओळख झाली तेव्हापासून ही खोली तुरुंग झाली आहे. विरेचनाची संकल्पना आपल्याकडे बहुधा प्रेक्षकाच्या संदर्भात शिकविली जाते: भय आणि करुणा यांचा निचरा होऊन तो हलका होऊन घरी जातो. येथे प्रेक्षक खरोखरच घरी जातो. नट मात्र जड होऊन आत परततो. इतकी वर्षे जी खोली केवळ राहण्याची जागा होती, तिला आता तिचे खरे नाव मिळाले आहे. ब्रूटसने बागेत खोट्या नावापासून आरंभ केला होता. रेगा कोठडीत खऱ्या नावापाशी पोचतो. त्याची शिक्षा त्यामुळे एका दिवसाने कमी होत नाही, उलट त्या दिवसापासून ती त्याला भोगावी लागते.