श्रावणघेवडा आणि बीट

यंदा आश्विनांत परसासाठीं श्रावणघेवड्याची 'अर्का कोमल' ही बंगळूरच्या उद्यान-संशोधन संस्थेंत सिद्ध झालेली बुटकी जात मीं निवडली. कारण मांडव घालण्याचें बळ आतां हातांत उरलें नाहीं. बीटाची 'डेट्रॉइट डार्क रेड' घेतली. ती गोल व गडद लाल. बीटाचें एकेक बीं म्हणजे वस्तुतः फळांचा झुबका. त्यांतून दोन-चार रोपें एकत्रच उगवतात. सूनबाई म्हणाली, "मामंजी, विरळणी करावयास हवी." मला तीं उपटवेनात. परवां पाहतों तों पानें उदंड, कंद मात्र करंगळीएवढे! धाकट्या मुलास वेगळें बिऱ्हाड करण्यास मीं दोन वर्षें अनुमति दिली नव्हती. त्या सायंकाळीं त्यास जवळ बसवून म्हटलें, "बाळ, खुशाल जा. सणावारीं मात्र येत जा."