पंक्तिप्रपंच

थंड देशात ऊब ही अन्नपाण्याइतकीच मोलाची वस्तू आहे. पण ती घरात येते कशी आणि कोणाच्या वाट्याला किती येते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. भिंतीवरची चकती फिरवावी, घर तापावे आणि महिनाअखेर गॅसचे बिल भरावे, एवढ्यावर सारे खूश असतात.

वाईहून आमच्याकडे लीड्सला राहायला आलेली माझी आई मात्र अशी सहज खूश होणारी नव्हती. आल्या आल्याच तिने विचारले, "अरे, तुझा बंब कुठाय?" मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची पांढरी पेटी दाखवली. गॅसच्या ज्योतीवर पाणी तापते, पंप ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत ढकलतो आणि निवलेले पाणी पुन्हा तापायला परत येते, असे समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे बंबच की! फक्त ह्याच्या पाण्याने आंघोळ करायची नाही, घराला घालायची."

बंबाची राख रोज काढावी लागे आणि आपण पाणी घेतले की दुसऱ्यासाठी ओतून ठेवावे लागे. या बंबाच्या तक्रारी निराळ्या. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला, तर आत हवा अडकलेली असते. यंत्र बंद करून निवू द्यावे, कडेच्या बारीक चावीला अर्धा फेरा द्यावा; सुस्कारा टाकल्यासारखी हवा निघून जाते आणि पाण्याचा थेंब दिसला की चावी बंद करावी. मग दाबाचा काटा पाहावा. पाणी गार असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. खाली गेला असेल तर थोडे पाणी भरावे. उलट, वर गरम आणि तळाशी गार असेल, तर लोखंड गंजून झालेला काळा गाळ आत साचलेला असतो. घरमालकाचा अधिकार इथवरच. गॅसची पेटी उघडण्याचे काम नोंदणीकृत कारागिराचे, आणि त्याला वर्षातून एकदा बोलावलेच पाहिजे.

आईला जिना चढवत नसे, म्हणून तिची खोली तळमजल्यावर, अगदी मागे होती. तिचा रेडिएटर नळ्यांच्या शेवटच्या टोकाला. बैठकीच्या खोलीत आम्ही सदऱ्यावर बसत असू. आई स्वेटरवर शाल घेऊन चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसे. विचारले तर म्हणे, "मला नाही रे थंडी. सवय आहे." यॉर्कशरच्या जानेवारीची सवय वाईच्या बाईला कुठली असणार! तिला सवय होती ती शेवटी बसण्याची. चौदा माणसांच्या घरात सर्वांना वाढून, उरेल त्यात तिने जन्म काढला होता. आपली खोली शेवटची, म्हणून ती गार, यात तिला काहीच वावगे वाटत नव्हते.

एका रात्री मी तिच्या उशाशी तापमापक ठेवला. सकाळी पारा १५ अंशांवर होता. घर निदान १८ अंश तरी असावे, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहूनही अधिक ऊब लागू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले आहे.

कोणी म्हणाले, मोठा बॉयलर घ्या. कोणी म्हणाले, विजेची शेगडी ठेवा. गल्लीतला एक म्हातारा प्लंबर मात्र म्हणाला, "आग वाढवू नका, वाटणी बघा." प्रत्येक रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक आपण फिरवतो तो; दुसरा साध्या टोपीखाली झाकलेला, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाण्याला सोपी वाट आवडते. जवळचे रेडिएटर पोटभर घेऊन ते परत पाठवतात आणि लांबच्याला कोमट घोट उरतो. जवळच्यांचा दुसरा व्हॉल्व्ह आवळावा, मधल्यांचा बेताने उघडावा, शेवटच्याचा पूर्ण मोकळा सोडावा. येणारी नळी जाणाऱ्या नळीपेक्षा ११-१२ अंशांनी गरम राहिली, की वाटणी जमली, हा जुन्या कारागिरांचा ठोकताळा.

एक अख्खा रविवार त्यात गेला. आई खुर्चीवर बसून मला पाना देत होती. सारे पाहून म्हणाली, "कळले. पंक्तिप्रपंच झालाय. पहिल्या पानावर तुपाची धार नि शेवटच्या पानाला नुसता वास!"

रात्री तिच्या खोलीत २० अंश झाले. बैठकीची खोली काही गारठली नाही. आम्हाला फरक कळलासुद्धा नाही. आईने शाल काढली, घडी करून उशाशी ठेवली आणि काही न बोलता जपमाळ हातात घेतली.

घरात आग पुरेशी होती, पहिल्यापासून होती. पण यंत्राला पंगतीतले शेवटचे पान दिसत नाही आणि त्या पानावर बसलेले माणूस मागत नाही. तेव्हा उठून बघून येणे हे बाकीच्यांचेच काम. आता दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, इथली घड्याळे तासभर मागे जातात त्या आठवड्यात, मी हातात चावी घेऊन घरभर फिरतो. आणि सुरुवात करतो ती मागच्या खोलीपासून.