डॉल्बीला नावं ठेवणाऱ्यांसाठी आणि डॉल्बीपुढं नाचणाऱ्यांसाठीही

एप्रिल जवळ आला की आपल्या चळवळीत एक ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, डीजे बंद करा, पुस्तकं वाटा, अठरा तास अभ्यास करा. दुसरा गट काही म्हणत नाही, तो वर्गणी गोळा करून डॉल्बीवाल्याला ॲडव्हान्स देऊन येतो. पहिल्या गटात शिकलेले, नोकरीला लागलेले, वस्ती सोडून प्लॉटिंगमध्ये राहायला गेलेले लोक जास्त. दुसऱ्यात वस्तीतली पोरं. मी या दोन्ही गटांत बसून चहा प्यायलोय, म्हणून हा लेख.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आमच्या सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत या पट्ट्यात ‘डॉल्बी’ म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत. डॉल्बी नावाच्या कंपनीनं या भिंतीतला एकही बॉक्स बनवलेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणि ‘डीजे’ म्हणजेही आपल्याकडं तीच भिंत. माणूस नव्हे. बॉक्सच्या मागं लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला आपण ‘ऑपरेटर’ म्हणतो. बाकी जगात डीजे म्हणजे माणूस असतो. कोणतं गाणं कोणत्या गाण्याला जोडायचं, कधी ठोका वाढवायचा, कधी गर्दीला श्वास घेऊ द्यायचा हे ठरवणारा माणूस. आपण यंत्राला नाव दिलं आणि माणसाला विसरलो. भांडणाचं मूळ मला इथंच दिसतं.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते २०२१ साली. माझी भाची पुण्यात शिकत होती, कोरोनानं हॉस्टेल बंद झालं आणि ती गावी आली. २२ फेब्रुवारी २०२१ ला पॅरिसच्या डाफ्ट पंक या जोडीनं आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकून आपण थांबतोय असं जाहीर केलं. डोक्यावर यंत्रमानवाची शिरस्त्राणं घालून वाजवणारे हे दोघं. फ्रेंच हाऊस म्हणतात त्या संगीतातलं सगळ्यांत मोठं नाव. भाचीच्या मैत्रिणी आणि मित्र सात-आठ गावांत विखुरलेले. त्यांनी ठरवलं की मोबाईलवरच डीजे पार्टी करायची, प्रत्येकानं अर्धा तास गाणी लावायची. आमच्या पत्र्याच्या खोलीत हिनं कपाटावर टॉर्च बांधला, त्याला लाल प्लॅस्टिक गुंडाळलं आणि लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर उघडून बसली. रेंज गेली की उठून दारात, आली की परत आत. मी कोपऱ्यात जेवत होतो. बहीण म्हणाली, “ह्या भुतांच्या गाण्यावर नाचून काय मिळणार?” पोरगी म्हणाली, “मामा, हे गाणं ऐका, ह्यात नुसती नावं आहेत.”

ते गाणं डाफ्ट पंकच्या १९९७ च्या ‘होमवर्क’ या अल्बममधलं ‘टीचर्स’. त्यात खरोखरच एकामागून एक नावं घेतलीत, ज्यांच्याकडून शिकलो त्यांची. त्यातली बरीचशी शिकागो आणि डेट्रॉइटच्या काळ्या डीजेंची. जेवण बाजूला राहिलं आणि मी तिला विचारत बसलो की ही माणसं कोण.

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट आपली आहे.

शिकागोत १९७७ साली ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथं फ्रँकी नकल्स हा काळा डीजे गाणी लावायचा. तिथं येणारे मुख्यतः काळे आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी तरुण, म्हणजे ज्यांना गोऱ्या वस्तीतही दार बंद आणि स्वतःच्या घरातही बऱ्याचदा बंद. त्या वेअरहाऊसवरून ‘हाऊस’ हे नाव पडलं असं मानतात. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओवाल्यानं लोकांना डिस्कोच्या तबकड्या आणायला सांगितल्या आणि मैदानाच्या मधोमध त्या स्फोटानं उडवून दिल्या. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. त्या दिवशी तिथं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक काळा पोरगा होता, व्हिन्स लॉरेन्स. त्यानं पुढं सांगितलं की लोक नुसत्या डिस्कोच्या नव्हे, काळ्या कलाकारांच्या कुठल्याही तबकड्या आणत होते. हाच व्हिन्स लॉरेन्स १९८४ मध्ये ‘ऑन अँड ऑन’ या सुरुवातीच्या हाऊस तबकडीच्या निर्मितीत होता. ज्यांचं संगीत जाळलं त्यांनी जपानी कंपनीच्या स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या ठोका-यंत्रांवर नवं संगीत उभं केलं. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, प्रत्येक मात्रेला एक दणका. हलगीवर वाढलेल्या माणसाला तो ठोका समजावून सांगावा लागत नाही.

मग हे संगीत समुद्र ओलांडून युरोपात गेलं. पॅरिसच्या पोरांनी त्यात जुन्या फंक आणि डिस्को गाण्यांचे तुकडे घालून त्याचं फ्रेंच हाऊस केलं. पोरं गुणी होतीच. पण दोघांतल्या थॉमस बँगाल्टरचे वडील डॅनियल वॅनगार्ड स्वतः डिस्कोचे नावाजलेले गीतकार-निर्माते होते. ज्या घरात संगीताचा धंदा कळतो, करार कळतो, त्या घरातला पोरगा आणि शिकागोच्या दक्षिण भागातला पोरगा एकाच रेषेवरून पळत नसतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

‘वन मोअर टाइम’ हे त्यांचं २००० सालचं गाणं तुम्ही कुठंतरी ऐकलंच असेल, लग्नाच्या डीजेतसुद्धा वाजतं. त्यातला वाद्यांचा तुकडा एडी जॉन्स या लायबेरियात जन्मलेल्या गायकाच्या १९७९ च्या गाण्यातला आहे. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं त्याला शोधून काढलं. हा माणूस अनेक वर्षं बेघर राहिला होता आणि या गाण्याचा एक पैसाही त्याच्यापर्यंत आला नव्हता. गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडं होते तिला पैसे पोहोचत होते, गायकाला नव्हे. बातमी आल्यावर त्याला देणं देण्याची भाषा सुरू झाली. डाफ्ट पंकनं चोरी केली असं मी म्हणत नाही. त्यांनी परवानगी घेतली होती, ‘टीचर्स’मध्ये गुरूंची नावंही घेतली होती. तरीही गाणारा रस्त्यावर होता. व्यवस्था असंच काम करते, कुणा एकाची नियत वाईट असायची गरज नसते.

आता म्हणाल, पॅरिस-शिकागोचं आम्हाला काय? तर त्याच वर्षीची आपल्या देशातली गोष्ट घ्या. मार्च २०२१ मध्ये तमिळमध्ये ‘एन्जॉय एंजामी’ आलं. लिहिणारा आणि गाणारा अरिवू, आपला दलित भाऊ. गाण्यात त्याची आजी वल्लियम्माल, जिनं श्रीलंकेच्या चहामळ्यात घाम गाळला. सोबत गायिका धी. डीजे स्नेक या फ्रेंच डीजेनं त्याचं रिमिक्स केलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर जाहिरात झळकली, त्यात धी होती, डीजे स्नेक होता, अरिवू नव्हता. ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावरही तो नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे प्रश्न विचारला तेव्हा कुठं गडबड झाली. ज्याच्या आजीच्या घामाचं गाणं, तोच फोटोबाहेर.

आणि आता आपल्या दारात या. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांच्या आधी भीमराव कर्डकांचे जलसे. प्रल्हाद शिंदेंचं घराणं आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याचं. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघंही २००४ सालीच गेले. हे मंगळवेढं म्हणजे तेच, जिथं १३३८ साली गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा गाडले गेले. गावाची भिंत बांधायची आम्ही, मरायचं तिच्याखाली आम्ही आणि राहायचं तिच्या बाहेर. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा १९४८ चा ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला त्यात चोखोबा आहेत. त्या मातीतला आवाज पुढं कॅसेटवरून घराघरात गेला.

‘होमवर्क’ आला त्या १९९७ साली मी काय ऐकत होतो, असं भाचीनं विचारलं. कॅसेटच ऐकत होतो. त्याच वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा जाब विचारणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला, दहा जण गेले, आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. हे सांगितल्यावर पोरीनं गाणं थांबवलं. तिच्या ग्रुपमधल्या कुणीच घोगरेंचं नाव ऐकलेलं नव्हतं. शिकागोच्या डीजेंची मात्र तोंडपाठ. पोरांचा यात दोष नाही. त्यांना ती नावं एका गाण्यानं पाठ करून दिली होती. आपली नावं घेणारं गाणं आपण वाजवलं नाही.

म्हणून डीजेला ‘ही आपली संस्कृती नाही’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीचा आवाज सीओईपीची मुलं दरवर्षी मोजतात, तो शंभर डेसिबलच्या आसपास आणि वरही जातो. ढोल-ताशा म्हटलं की परंपरा आणि निळा झेंडा दिसला की ध्वनिप्रदूषण, हा हिशेब कुणी लावला? वाजवणं हे आपल्यासाठी गावकीचं काम होतं. दुसऱ्याच्या लग्नात वाजवायचं, स्वतःची वरात मात्र वेशीतून न्यायची नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत मोबाईलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाला ठार मारलं. १ जून २०२३ ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत आणखी एकाला मारलं, गावात जयंती काढल्याच्या रागातून, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. खिशातला फोन वाजला म्हणून जीव जातो त्या राज्यात आपल्या पोराला ट्रॉलीभर आवाज का हवासा वाटतो, हे समजायला पीएचडी लागत नाही.

पण नाचणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचंय. रात्री दहानंतर बंद हा कायदा आहे, २००० सालच्या नियमांत लिहिलेला, आणि कायदा म्हणजे काय हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं वस्तीतलीच असतात. तेही एक वेळ सोडा. बॉक्सपुढं बघा, पोरी कुठं आहेत? कडेला, ओट्यावर, खिडकीत. वेअरहाऊस उभं राहिलं ते ज्यांना कुठंच नाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. आपल्या मिरवणुकीत निम्मी वस्ती नुसती बघते.

हे मी म्हणू शकतो कारण २०२१ ची जयंती मी पाहिलीय. १४ एप्रिलला रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागणार होती, जयंती साधेपणानं घरात करा असा सरकारचा आदेश होता. डॉल्बीचा प्रश्नच नव्हता. भाचीनं फेब्रुवारीचाच डाव पुन्हा मांडला. १३ ची रात्र, मोबाईलवर डीजे, या वेळी भीमगीतं. आमच्या आळीत सोळा घरांतून एकच गाणं एका वेळी वाजत होतं, कुणाचं दोन सेकंद पुढं, कुणाचं मागं, त्यामुळं सगळ्या बोळाला घुमारा आलेला. आणि घराघरात बायका नाचत होत्या. माझी बहीण, जिला ती भुतांची गाणी वाटत होती, ती पदर खोचून. बाराला केक-बिक काही नाही, त्रिशरण-पंचशील झालं. मग भाचीनं एक केलं. प्रत्येक गाण्याआधी ती बोलली, हे कुणी लिहिलं, कुणी गायलं. बारा-चौदा गाणी झाली आणि ती अडकली. पुढच्या गाण्याचा लेखक कुणालाच माहीत नव्हता. इंटरनेटवर त्याच गाण्याची रिमिक्सं ढिगानं, प्रत्येकावर ऑपरेटरचं नाव, साऊंडवाल्याचं नाव, गावाचं नाव. लिहिणाऱ्याचं नाही.

गंमत बघा. पुढच्या वर्षी जूनमध्ये आमच्या सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीतून फोनवर झाडी, डोंगर आणि हाटेलाचं कौतुक करून बसले. ती क्लिप फुटली आणि आठवड्यात तिची डीजे रिमिक्सं निघाली. गावोगावच्या वरातीत बापूंचा आवाज ठोक्यावर नाचला. आवाज कुणाचा हे साऱ्या महाराष्ट्राला पाठ. सांगोल्याला डाळिंबानं आणि गणपतराव देशमुखांनी पन्नास वर्षांत जी ओळख दिली, तिच्यापेक्षा जास्त लोकांना ती तीस सेकंदांची क्लिप माहीत आहे. आमदाराचा आवाज उचलला तर नाव राहतं. शाहिराचा उचलला तर उरतो फक्त ठोका.

त्यामुळं माझं म्हणणं डॉल्बी बंद करा असं नाही आणि दणक्यात होऊ द्या असंही नाही. ऑपरेटरला माणूस करा. वर्गणी देताना त्याला गाण्यांची यादी द्या, गाण्याआधी लेखक-गायकाचं नाव माईकवरून सांगायची अट घाला. दहाला बंद. बॉक्सपुढची पहिली पंधरा फूट जागा पोरीबायकांसाठी. आणि हयात असलेला कवी-गायक तालुक्यात असेल तर डॉल्बीच्या भाड्यातले दोन हजार काढून त्याच्या घरी पोचते करा.

आमच्या आळीची यादी तयार आहे. भाची आता नोकरीला आहे, पण वही तिनं माझ्याकडं दिलीय. ६४ गाणी आहेत. ११ गाण्यांपुढची लेखकाची जागा अजून कोरी आहे. त्यातली बहुतेक १९८५ ते १९९५ च्या कॅसेटवरची, सोलापूर-सांगली-नगर पट्ट्यात वाजलेली. तुमच्या घरी पेटीत, माळ्यावर जुन्या कॅसेटचं वेष्टण पडलं असेल तर फेकू नका, त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात नाव छापलेलं असतं. १४ एप्रिलच्या आत कळवा.

जयभीम.