आमच्या मैदानावरची दुसरी पिचर

आपल्या शाळेच्या क्रीडा परंपरेविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यती यांना मानाचे स्थान मिळाले, आणि ते योग्यच आहे. सॉफ्टबॉल हा खेळ मात्र इतकी वर्षे याच मैदानावर खेळला जाऊनही पालकांना आणि समाजबांधवांना बराचसा अपरिचित राहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही तिघींनी ते आनंदाने मान्य केले. आम्ही तिघी याच वसतिगृहात वाढलो, याच शाळेच्या संघातून खेळलो आणि आज याच मैदानावर मुलींना शिकवतो. आमच्यातील एक पिचर होती, एक कॅचर आणि एक शॉर्टस्टॉप. चषकांची यादी शाळेच्या कपाटात लावलेली आहे. ती येथे पुन्हा देण्याचे प्रयोजन नाही. खेळाडू घडविणे म्हणजे नेमके काय, याविषयी आम्हांला जे उमगले तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे. सॉफ्टबॉल हे नाव फसवे आहे. या खेळाचा चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच असतो आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही अधिक. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका नौका क्लबच्या सभागृहात जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थांनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि बेसबॉलचा हा घरगुती अवतार जन्माला आला. साधने नव्हती म्हणून खेळ थांबला नाही, ही त्याची जन्मकथा आमच्या मुलींना फार आवडते. कारण फाटका ग्लोव्ह दाभणाने शिवून वापरणे त्यांनाही परिचित आहे. पुढे हा खेळ मोकळ्या मैदानावर आला आणि जगभर पसरला. १९६५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली व यजमान ऑस्ट्रेलियाने ती जिंकली. १९९६ साली अटलांटा येथे महिला सॉफ्टबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. आपल्या महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमधून १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ हा खेळ खेळतात, आणि लहान गावांतील कितीतरी मुली त्यातून राज्यापर्यंत पोहोचल्या आहेत.

वेगवान सॉफ्टबॉलमध्ये सारा खेळ पिचरभोवती फिरतो. महिलांच्या सामन्यात पिचर आणि होम प्लेट यांत ४३ फुटांचे, म्हणजे सुमारे १३ मीटरचे अंतर असते. पिचर आपला हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण वर्तुळात फिरवून कमरेजवळून चेंडू सोडते. तो ताशी ९० किलोमीटर वेगाने आला, तर बॅटरला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात चेंडू पाहावयाचा, निर्णय घ्यावयाचा आणि बॅट फिरवावयाची. शालेय स्तरावर तर एक चांगली पिचर हाताशी असली की क्षेत्ररक्षकांना अनेकदा कामच उरत नाही. नेमका येथेच मोह सुरू होतो. प्रशिक्षकाला वाटते, ही एक मुलगी आहे ना, मग बाकी आठ जणी मैदानात उभ्या राहिल्या तरी पुरे.

या मोहाची किंमत आमच्यापैकी एकीने मोजली आहे. शाळा सोडल्यानंतर ती एका बाहेरच्या संघातून खेळू लागली. तेथे सकाळी सराव, दुपारी सामना आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असे तिचे दोन हंगाम गेले. खालून फेकलेल्या चेंडूने खांदा दुखावत नाही, असे तेथील मार्गदर्शक निःशंकपणे सांगत. हा समज आजही सर्वत्र आढळतो, परंतु तो खरा नाही. विंडमिल पद्धतीच्या फेकीत खांद्यावर पडणारा ताण संशोधकांनी मोजला, तेव्हा तो बेसबॉलच्या वरून केलेल्या फेकीतील ताणाच्या तोडीचा निघाला. दुखणे बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूस, दंडाच्या स्नायूच्या मुळाशी सुरू होते. तिचेही तेथेच सुरू झाले. एकोणिसाव्या वर्षी तिचे पिचिंग संपले. आजही फळ्यावर उंच लिहिताना ती डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देते, आणि मुली ते पाहतात.

या संदर्भात आम्ही मुलींना जपानच्या युकिको उएनो यांची कथा सांगतो, परंतु ती अर्धी सांगत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्ट या एकाच दिवशी त्यांनी दोन सामन्यांत पिचिंग केले. पहिला ९ डाव चालला, दुसरा १२. त्या दिवशी त्यांनी ३१८ चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध आणखी ९५. दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून त्यांनी जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. हा पराक्रम ऐकून मुलींचे डोळे चमकतात आणि ते स्वाभाविक आहे. मात्र कथेचा उत्तरार्ध १३ वर्षांनंतरचा आहे. सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला होता. तो टोकियोच्या स्पर्धेत परतला. २७ जुलै २०२१ रोजी पुन्हा जपान आणि अमेरिका अंतिम सामन्यात समोरासमोर आले. उएनो तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. सहाव्या डावात त्यांना विश्रांती देऊन मिऊ गोतो या विशीतल्या पिचरला आणण्यात आले. अमेरिकेच्या खेळाडू बेसवर असताना एक जोरकस फटका तिसऱ्या बेसवरील यामामोतो यांच्या हातावर आदळून उडाला. शॉर्टस्टॉप अत्सुमी यांनी तो हवेतच टिपला आणि दुसऱ्या बेसकडे फेकून दोघींना बाद केले. सातव्या डावात उएनो पुन्हा आल्या आणि जपान २-० असा जिंकला. सुरुवातीच्या संघातील खेळाडूला बाहेर गेल्यावर एकदा पुन्हा आत येता येते, हा या खेळाचा नियमच आहे. आम्ही मुलींना विचारतो, दुसरे सुवर्णपदक कोणाचे? त्यांची उत्तरे वर्षागणिक बदलतात. परंतु सहावा डाव एकटीने निभावला नाही, हे त्यांच्या ध्यानात येते.

म्हणून आमच्या शिकवण्याचा पहिला नियम असा: दरवर्षी किमान तीन मुली पिचिंग शिकतील, आणि तिघीही सामन्यात चेंडू टाकतील. नव्या मुलीला पहिला महिनाभर ग्लोव्हसुद्धा मिळत नाही. टेनिसचा चेंडू दोन्ही हातांनी, डोळ्यांसमोर, हात किंचित मागे घेत झेलावयाचा. ग्लोव्ह लवकर मिळाला की मुली त्याचा ढालीसारखा उपयोग करतात आणि मान वळवतात. मान वळली की चेंडूची भीती कायमची बसते. त्यानंतर फेक. तिसऱ्या बेसपासून पहिल्या बेसपर्यंत सुमारे ८५ फुटांचे अंतर आहे. ते केवळ दंडाच्या बळावर कापता येत नाही. पाऊल लक्ष्याकडे, खांदा लक्ष्याकडे, मग कंबर वळते आणि शेवटी हात येतो. पिचिंग आम्ही शेवटाकडून आरंभाकडे शिकवतो. आधी कमरेजवळ चेंडू सोडणे, मग हात डोक्याच्या वरून खाली आणणे, मग पूर्ण वर्तुळ आणि सर्वांत शेवटी पाऊल. वेग पायांतून आणि कमरेतून येतो, हे पटण्यास एक संपूर्ण हंगाम जातो. तोपर्यंत चेंडू कोठे पडतो याकडे आम्ही फारसे लक्ष देत नाही, आणि मुलींनाही देऊ देत नाही.

दुसरा नियम विश्रांतीचा. सलग तीन दिवस कोणीही पिचिंग करीत नाही. शालेय स्पर्धेत एका दिवशी तीन सामने आले, तर एका मुलीला दोनच. कॅचर होणारी मुलगी प्रत्येक चेंडूची रेघ वहीत ओढते आणि संख्या वाढली की न विचारता आम्हांला सांगते. हिशेब ठेवण्याचे हे काम जाणीवपूर्वक मुलींच्याच हाती ठेवले आहे.

तिसरा नियम लिहिता येण्याजोगा नाही, पण निवासी शाळेत तोच सर्वांत महत्त्वाचा. घरी राहणाऱ्या मुलीचा खांदा दुखला तर वेणी घालताना आईला ते कळते. वसतिगृहातील मुलगी दुखणे लपवते. संघातून नाव निघेल, सर रागावतील, घरी निरोप गेला तर आई-वडील काम टाकून येतील, अशा नाना शंका तिच्या मनात असतात. शाळा सुटल्यापासून सायंवंदनेची घंटा होईपर्यंतचा दीड तास आमचा. परंतु मुलीचे खरे वर्तमान त्यानंतर, जेवणाच्या पंगतीत आणि अंथरुणे घालताना समजते. म्हणून आम्ही मोठ्या मुलींना सांगून ठेवले आहे: कोण कोणत्या हाताने बादली उचलते, कोण केस विंचरताना थांबते, कोण पाळीच्या दिवसांत न जेवता सरावाला येते, ते पाहा. दुखणे सांगणारीचे नाव आम्ही संघातून कधीच काढलेले नाही. हे मुलींना पटण्यास तीन वर्षे लागली.

या नियमाची परीक्षा काही वर्षांपूर्वी १७ वर्षांखालील जिल्हास्तरीय स्पर्धेत झाली. आमची प्रमुख पिचर दहावीत होती. सकाळच्या दोन सामन्यांत तिने सुरेख कामगिरी केली. अंतिम सामना दुपारी होता, आणि जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेस जाणार होता. तिचे वडील ऊसतोडीच्या हंगामातून एक दिवस काढून आले होते. खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, हे त्यांना ठाऊक होते. ज्या घरात अशी नोकरी अद्याप कोणाला लागलेली नाही, तेथे या माहितीचे मोल किती असते हे आम्हांला कोणी सांगण्याची गरज नाही. आम्हीही अशाच घरांतून आलो आहोत. जेवणाच्या सुट्टीत कॅचर वही घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिला हात वर नेता येत नाहीये." आम्ही नववीतील मुलीला चेंडू दिला. वडील कुंपणाजवळ आले. "बाई, पोरीचं वर्ष आहे. हिलाच उतरवा. मी बापच सांगतोय ना." आम्ही नाही म्हणालो. सामना आम्ही एका धावेने हरलो.

ते वडील नंतर वर्षभर आमच्याशी मोजकेच बोलले. त्यांचा राग अन्यायाचा नव्हता. मुलीला विभागीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रास मुकावे लागले, आणि ते कोणत्याही युक्तिवादाने भरून येणारे नाही. दीड महिन्याच्या विश्रांतीनंतर तिचा खांदा बरा झाला. आज ती महाविद्यालयाच्या संघात पहिल्या बेसवर खेळते, आठवड्यातून एखाददा पिचिंगही करते. नववीतील त्या दुसऱ्या पिचरने त्या दुपारी सात डाव पूर्ण टाकले. पुढील वर्षी तिच्या हाती चेंडू देताना आमच्यापैकी कोणाचेही मन कचरले नाही. तेव्हाचा तो निर्णय आजही आम्हांला योग्यच वाटतो. मात्र तसा निर्णय घेणाऱ्याने पराभवाचे ओझे मुलींवर टाकू नये, ते स्वतः वाहावे, एवढे आम्ही त्या दिवसापासून पाळत आलो आहोत.

खेळाडू घडविणे म्हणजे जिंकणारी एक मुलगी शोधून काढणे, अशी अनेकांची समजूत असते. आमच्या मते पंचविशीतही जिला मैदानावर यावेसे वाटते आणि येता येते, ती घडलेली खेळाडू. या मोजमापाला चषक नाही. परंतु दर रविवारी सकाळी ज्या माजी विद्यार्थिनी कडेवर मूल घेऊन मैदानावर येतात, मूल कोणाच्या तरी हाती देऊन दोन-चार चेंडू फेकतात, त्यांची संख्या वाढते आहे, आणि आम्ही ती मोजतो.

माजी विद्यार्थी आणि पालकांना शेवटी एक विनंती. आपण शाळेस भेट देऊ इच्छित असाल, तर मोठा चषक देऊ नये. डावखुऱ्या मुलींना उजव्या हातात घालावयाचे ग्लोव्ह हवे आहेत. आज पाच डावखुऱ्या मुलींमध्ये एकच आहे, आणि उरलेल्या चौघी उलट्या हातात दुसऱ्यांचे ग्लोव्ह घालून झेलतात. कॅचरचे मुखकवच आणि छातीचे कवच लहान मापाचे हवे आहे. आपल्यापैकी कोणी भौतिकोपचार तज्ज्ञ असतील, तर त्यांनी हंगामापूर्वी आणि हंगामानंतर प्रत्येकी एक दिवस मुलींचे खांदे तपासण्यास यावे. आणि आपली मुलगी, भाची किंवा पुतणी संघात असेल, तर फोनवर सामन्याचा निकाल विचारण्यापूर्वी हात दुखतो का, एवढे अवश्य विचारावे.