हेग नगरींतील मोहर

हॉलंडांत जाणारा प्रवासी ट्यूलिपांचे मळे पाहतो, पवनचक्कीपुढें उभा राहून छायाचित्र काढवितो. २०१९ सालीं आम्ही गेलों तेव्हां आमच्या वांट्यास त्या देशाच्या कचेऱ्या आल्या. आमच्या कन्येनें डेल्फ्ट येथील विद्यापीठाची पदवी घेतली होती व तिला अबुधाबी येथें नोकरी मिळत होती. पदवीपत्र व गुणपत्रक हीं दोन्ही यथाविधि प्रमाणित करून पंधरा दिवसांच्या आंत प्रती पाठवाव्या, अशी अट होती.

आज घरोघरचीं मुलें परदेशीं आहेत, म्हणून हा विधि वाचकांस सांगणें अवश्य वाटतें. एका देशाचा कागद दुसऱ्या देशांत दाखविला कीं त्यावरील सही व शिक्का खरा कशावरून, हा प्रश्न उभा राहतो. पूर्वी त्यासाठीं सह्यांची सांखळीच लागे: खालच्या अधिकाऱ्याच्या सहीस वरच्याची साक्ष, तिला परराष्ट्र खात्याची, आणि तिला पुन्हां परक्या वकिलातीची. हा व्याप कमी व्हावा म्हणून ५ ऑक्टोबर १९६१ रोजीं हेग येथेंच एक करार झाला. करारांतील देशांपुरती एकच मोहर पुरेशी झाली. तिला 'अपोस्तील' म्हणतात. शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ समासांतील टीप. निदान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्यांत दहा कलमें, आणि शीर्षक फ्रेंच भाषेंतच. आपल्या देशास हा करार २००५ पासून लागू आहे. हॉलंडांत ही मोहर न्यायालयाकडून मिळते. परंतु संयुक्त अरब अमिराती त्या वेळीं करारांत नव्हत्या. म्हणजे ज्या नगरींत सांखळी तोडण्याचें ठरलें, तेथेंच आम्हांस ती कडीकडीनें जोडावयाची होती.

या मोहरांचें मर्मही ध्यानांत ठेवावें. त्या सहीशिक्क्याची साक्ष देतात, मजकुराची नव्हे; विद्वत्तेची तर नव्हेच. मुद्राराक्षसांत मुद्रा राक्षसाचीच असते, पण पत्र त्याचें नसतें.

कार्नेगीच्या देणगींतून बांधलेला शांतिप्रासाद आम्हीं आदल्या सायंकाळीं पाहिला. तांबड्या विटांची ती भव्य इमारत १९१३ सालीं उघडली, आणि दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटलें. कागदावरच्या शब्दांचें बळ किती, याचा विचार करीत आम्ही परतलों.

दुसऱ्या दिवशीं परराष्ट्र खात्याच्या खिडकीवरील बाईंनीं गुणपत्रक परत केलें. पदवीपत्रावर ग्रोनिंगेन येथील शिक्षणविषयक सरकारी कचेरीची साक्ष होती. गुणपत्रकावर ती घ्यावयाची राहिली होती. चूक सर्वस्वीं आमची. दिवस चारच उरले होते. कन्येचा चेहरा उतरला. तो पाहून त्या बाईंनीं एका चिठ्ठीवर सकाळच्या गाडीची वेळ, स्टेशनापासूनची वाट, आणि परत आल्यावर कोणत्या खिडकीशीं यावें, हें सर्व लिहून दिलें.

ती चिठ्ठी हातांत घेतांना आम्हांस आमचीच खिडकी आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेचें जनरल रजिस्टर आमच्याकडे असतांना एक मुलगा शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आला. त्याच्या अर्जांतील आडनांव व रजिस्टरांतील आडनांव यांत एका वेलांटीचा फरक होता. आम्हीं अर्ज परत केला आणि "बापाला घेऊन ये," एवढेंच सांगितलें. बाप ऊसतोडणीला दूर गेलेला. मुलगा पुन्हां आला तो पंधरा दिवसांनीं. तोंवर त्याच्या प्रवेशाची मुदत टळली होती. नियमाप्रमाणें आमचें कांहींच चुकलें नव्हतें. म्हणून इतकीं वर्षें मनास कांहीं लागलेंही नव्हतें. त्या दिवशीं लागलें.

पहाटे आम्ही तिघें ग्रोनिंगेनच्या गाडींत बसलों. अडीच तासांहून अधिक प्रवास. वाटेंत फ्लेव्होलँड प्रांत लागतो. ती बहुतेक सारी भूमि पाणी हटवून मिळविलेली, फळ्यासारखी सपाट. एरव्हीं आम्हीं डोळे भरून पाहिली असती. त्या दिवशीं कन्या घड्याळ पाहत होती आणि आम्ही तिच्याकडे. ग्रोनिंगेनचा प्रसिद्ध मार्टिनी मनोरा लांबूनच पाहिला. साक्ष मिळाली, परत आलों, दुसऱ्या दिवशीं परराष्ट्र खात्याची मोहर झाली, आणि मुदतीच्या आदल्या दिवशीं वकिलातीची. प्रती त्याच सायंकाळीं अबुधाबीस गेल्या. शेवटची साक्ष तिनें तेथील परराष्ट्र खात्यांत जाऊन घेतली.

ज्यांचीं मुलें परदेशीं निघालीं आहेत, त्यांनीं प्रत्येक कागद निरनिराळा तपासावा, सर्व कागदांवर नांव अक्षरशः एकच आहे ना हें पाहावें, आणि तो देश करारांत आहे कीं नाहीं याची आधीं चौकशी करावी. आणि जे अशा खिडकीच्या आंत बसतात, त्यांनीं कागद अवश्य परत करावा, पण पुढची वाट चिठ्ठीवर लिहून द्यावी. त्या मुलाचें आडनांव आम्हांस अजून वेलांटीसह आठवतें. पुढें त्याचें काय झालें, हें मात्र आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं.