व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, मीटर आणि आपला डीजे

गणपती जवळ आले की आमच्या खांदा कॉलनीत दोन चर्चा हमखास सुरू होतात, वर्गणी आणि आवाज. आवाजाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मीटर लावा ना, काय ते कळेल." मीटरवर माझाही विश्वास आहे. पण मीटर नेमकं काय मोजतं आणि काय गाळतं, हे मला उमगलं एका जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे. म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

हा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या पनवेलमधल्या एका मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. लग्नं, प्रचारसभा, सत्यनारायण, सगळीकडे कर्णे वाजवून झालेला. आत ईएल३४ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी छोटे ईसीसी८३, आणि दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा ट्रान्सफॉर्मर. सगळं मिळून तीसेक वॅट. आज एका डीजेच्या गाडीवर हजारो वॅट असतात. तेव्हा अख्ख्या आळीला तीस पुरत.

मला तो घरी गाणी ऐकायला हवा होता. दुरुस्तीसाठी गाठले आमचे रेडिओवाले काका. सत्तरी ओलांडलेली, पण अजून डाग देताना हात हलत नाही. मर्फीचे रेडिओ ठाण्याच्या कारखान्यात बनत होते तेव्हापासून ते या धंद्यात. मी विचारलं, "काका, आवाज गोड होईल ना?" ते म्हणाले, "गोडाचं नंतर बघू रे. आधी हा जिवंत राहतो का ते मोजू."

ते खरंच होतं. ईसीसी८३ कडून पॉवर व्हॉल्व्हकडे सिग्नल नेणारा कागदी कंडेन्सर म्हातारा झाला की गळतो. मग सिग्नलबरोबर थोडा डीसी व्होल्टेजही पुढे जातो, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, त्याची पत्र्याची प्लेट लालबुंद होते आणि शेवटी जळतो तो ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह अजून मिळतात, तसा ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून देणारे आता फार थोडे. काकांनी प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला एक छोटा रेझिस्टन्स जोडून करंट मोजला. सुमारे ४०० व्होल्टवर ४० मिलिअँपिअर म्हणजे १६ वॅट. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटपर्यंत सोसते, म्हणजे ठीक. या कामात कानाला विचारायचं काही कारणच नाही. (आणि हौशी मंडळींनो, हा डबा प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा चार्ज धरून असतो. यूट्यूब बघून उघडू नका.)

सुट्या भागांसाठी खांदेश्वरहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला दोन चकरा झाल्या. तिथे एकाने सल्ला दिला, रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून डायोड लावा, स्वस्त आणि मस्त. काकांनी हात जोडले. डायोड लावले की व्होल्टेज वाढतो, शिवाय बाकीचे व्हॉल्व्ह तापायच्या आधीच तो सगळीकडे पोचतो. त्यात आमच्याकडे रात्री उशिरा प्लगमध्ये २३० ऐवजी २४४ दिसतात. जुन्या यंत्राला किती सुधारायचं, याचा मला भेटलेला सर्वांत समंजस माणूस म्हणजे हे काका.

खरी गंमत पुढे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फीडबॅक नावाचा प्रकार असतो. बाहेर पडणारा थोडा सिग्नल उलटा करून परत आत द्यायचा, की यंत्राने स्वतःची घातलेली भेसळ कमी होते. हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला हे १९२७ मध्ये सुचलं. पुढे १९४७ मध्ये विल्यमसन नावाच्या तरुणाने याच मार्गाने १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर छापून दिला, भेसळ ०.१ टक्क्याहून कमी. मी काकांकडून एक बटण बसवून घेतलं, फीडबॅक जास्त किंवा कमी. लॅपटॉपवर मोजलं तर एका बाजूला भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत, दुसऱ्या बाजूला जवळजवळ दोन टक्के.

एका रविवारी बिल्डिंगमधले सहा जण जमवले. बटण कुठे आहे ते न सांगता पंडित भीमसेन जोशींचा एक अभंग दोनदा लावला. सहापैकी पाच जणांना दोन टक्केवाला आवडला. काका खूश. पण फीडबॅक कमी केला की आवाजही वाढतो, आणि माणसाला किंचित मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. म्हणून पुढच्या फेरीला स्पीकरच्या वायरींवर मल्टिमीटर लावून दोन्ही बाजू समान केल्या. आता अभंगाला तीन-तीन. मग बेंजोचं रेकॉर्डिंग लावलं, ताशे, झांजा, कीबोर्ड सगळं एकत्र. तिथे पाच जण कमी भेसळीकडे गेले. दुसऱ्या बाजूला सगळा चिखल होतो, असं एक वहिनी म्हणाल्या. अगदी बरोबर शब्द. दोन-चार वाद्यं एकदम आली की भेसळीचे सूर एकमेकांत मिसळून कुठल्याच वाद्याचे नसलेले सूर तयार होतात.

मग अभंगाला दोन टक्के निम्म्यांना गोड का लागतात? भेसळ कसली आहे त्यावर ते अवलंबून. मूळ सूर सा असेल आणि भेसळ दुप्पट कंपनांची असेल, तर ती पडते तार सा वर. तिप्पट असेल तर वरच्या पंचमावर. कानाला ती परकी वाटत नाही. सातपट असेल तर ती आपल्या कोमल निषादाच्या जवळ, पण त्याला न जुळणारी, आणि थोडीशीही टोचते. दोन पॉवर व्हॉल्व्ह अगदी जुळे असले तर दुप्पटवाली भेसळ आपसात कटते. आमचे जुळे नव्हते, त्यामुळे ती उरली होती. "दोन टक्के" या आकड्यात हे काहीच दिसत नाही. तो सगळ्या भेसळीची एकत्र बेरीज सांगतो.

आपल्याकडे तर हे ज्ञान घरचं आहे. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा दुसरं काय करतात? घोडीवर तार जिथे टेकते तिथे दोरा सरकवत, घासत, कानाने ऐकत वरचे सूर जागे करतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्यात याच घोडीवर लिहिलं. छेडण्याच्या जागेमुळे जे सूर तारेत उमटायलाच नकोत असं युरोपातलं शास्त्र सांगत होतं, ते तंबोऱ्यात उमटतात, आणि ते घोडीच्या बाकामुळे, हे त्यांनी दाखवलं. कारागिराचा कान खोटा ठरला नाही, आणि रामन यांच्या प्रयोगाने तो समजलाही.

आता गणपतीकडे येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे डेसिबल "ए" मोजपट्टीवरचे. ही पट्टी माणसाच्या कानाशी जुळती म्हणून निवडलेली, आणि तिचा आकार आला हळू आवाज ऐकताना कान कसा वागतो त्यावरून. हळू आवाजात आपल्याला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ही पट्टी १०० हर्ट्झला १९ आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करते. डीजेचा छातीत बसणारा ठोका नेमका याच भागात असतो. "सी" पट्टी ५० हर्ट्झला जेमतेम दीड डेसिबल वजा करते.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री खिडक्या बंद करून चौथ्या मजल्यावरच्या घरात मी मोजलं. ए वर ५२, सी वर ७८. भिंती आणि काचा वरचे सूर अडवतात, ठोका आत येतो. आकडा दिवसाच्या मर्यादेत, आणि शेजारच्या आजी उशी छातीशी धरून बसलेल्या. त्यांना "मीटरवर ५२च आहे" असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. ए आणि सी मध्ये दहाहून जास्त फरक पडला तर खालचे सूर वेगळे तपासावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सुचवलंय. इथे फरक २६ चा.

डीजेवाल्या पोरांशी माझं भांडण नाही, त्यातली निम्मी ओळखीची आहेत. कायद्याची मर्यादा ए वर आहे, ती तशीच राहील. पण साध्या मीटरवरही बऱ्याचदा ए-सी चं बटण असतं. यंदा मोजणाऱ्याने वहीत दोन रकाने आखावेत आणि रस्त्याबरोबरच एखाद्या घरातही मोजावं, एवढं शांतता समितीच्या बैठकीत मांडणार आहे. पोरांनी मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उतरवला तरी नाचायला काही कमी पडत नाही. करून बघायला कुणी तयार असेल तर मीटर माझं, घर माझं. मेसेज करा.