आमचे कुर्ले आणि रूळ
कुर्ला म्हटले की लोकांना गर्दीच आठवते. पण हे गाव रुळांनी वाढवले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी इथूनच गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्यालाच आली. १९२८ साली अंधेरी-ट्रॉम्बे गाडीही इथून धावू लागली. १९३४ साली ती बंद पडली. पोरांना हे खरेच वाटत नाही!

या तारखा पुस्तकांत सापडतात. भर उन्हात रूळ उचलणारे गँगमन, कारशेडमध्ये रात्रपाळी करणारे खलाशी मात्र सापडत नाहीत. म्हणून वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून आम्ही त्यांची नावे वहीत उतरवतो आहोत. काहींची तर नुसती टोपणनावेच उरली आहेत. तीही लिहितो.